इंजिन तेल पितंय, पण कुठल्या वाटेनं?

इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना जुन्या रस्त्यानं भेरूघाट उतरलो, सपाटीला लागल्यावर चौथा गिअर टाकून पाय दाबला आणि बायकोचा फोन वाजला. मागच्या गाडीत दाजी होते. "अगं, त्याला सांग, गाडीतून धूर निघतोय. निळा. चांगला ढग निघाला!" मी आरशात बघेपर्यंत मागं सगळं स्वच्छ. बलवाड्याला चहाला थांबलो तेव्हा गाडी शहाण्या मुलासारखी फुरफुरत उभी होती. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हाताला नुसती ऊब.

परतीला तोच घाट चढायचा होता. गाडीत चौघं, डिकीत नर्मदेच्या पाण्याचे दोन कॅन, दुसऱ्या गिअरवर इंजिन रडकुंडीला आलेलं. दाजी मुद्दाम मागं राहिले होते. सिमरोलला भेटल्यावर म्हणाले, "एक ठिपका नाही रे धुराचा."

उतरून आल्यावर धूर, चढताना नाही. या एवढ्याशा गोष्टीत निदानाचं अर्धं काम झालेलं होतं.

गाडी म्हणजे बाबांची १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येकाला हवा-पेट्रोल आत घेणारा एक इनलेट आणि धूर बाहेर सोडणारा एक एक्झॉस्ट, असे एकूण सहा व्हॉल्व्ह. रामबागेतून राजवाडा, फार तर पलासिया, एवढंच तिचं जग. त्यामुळे इतक्या वर्षांत मीटर जेमतेम ७१ हजारांवर. पण गेल्या वर्षापासून डिपस्टिकवरचं तेल भराभर उतरायला लागलं. फरशीवर थेंब नाही, इंजिनाच्या अंगावर ओल नाही, म्हणजे तेल आत जळतंय. या सहलीच्या पंधरा दिवस आधी शहरातल्या एका गॅरेजात दाखवली होती. मेकॅनिकनं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (तिन्ही सिलिंडरांचा धूर सायलेन्सरकडे नेणारा पाइप) उतरवला, हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्हवाल्या झाकणाच्या, भोकांत टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. "ये देखो भिया, वॉल पे तेल ही तेल. रिंग गई इसकी. पूरा इंजन खोलना पड़ेगा." तीनपैकी दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खरंच तेलानं चमकत होते. त्यानं सांगितलेला खर्च ऐकून मी मॅनिफोल्ड परत लावायला सांगितला.

त्यानं पाहिलं ते खरं होतं. निष्कर्ष मात्र घाईचा होता. तेलकट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एवढंच सांगतो की तेल इथून गेलं. ते आलं कुठून, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं.

त्यासाठी आधी आतली रचना डोळ्यांसमोर आणू. व्हॉल्व्ह दिसायला अळंबीसारखा असतो: खाली गोल, चपटं डोकं आणि वर लांब, गुळगुळीत दांडी. डोकं सिलिंडरचं दार उघडतं-मिटतं. दांडी हेडमध्ये बसवलेल्या एका धातूच्या नळीतून वरखाली होते. ही नळी म्हणजे गाईड. दांडी आणि गाईड यांच्यात जी फट असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची. नव्या इंजिनात साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर. एक्झॉस्टला थोडी जास्त ठेवतात, कारण त्याचं डोकं सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं आणि दांडी फुगते.

आता गंमत अशी की गाईडचं वरचं तोंड जिथं उघडतं तिथं, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) खाली, तेलाचा सतत शिडकावा चालू असतो. व्हॉल्व्हची उघडमिट करणारे रॉकर, कॅमशाफ्ट, स्प्रिंगा सगळं तेलात न्हात असतं. ते तेल दांडीवरून ओघळून खाली जाऊ नये म्हणून गाईडच्या डोक्यावर रबराची एक छोटी टोपी असते. तीच व्हॉल्व्ह सील. टोपीला वर बारीक ओठ असतो, ओठाभोवती कडबोळ्याएवढीही नाही अशी चिमुकली स्प्रिंग, आणि हा ओठ दांडीला घट्ट बिलगून तेल पुसत राहतो. अगदी कोरडं पुसत नाही. थोडंसं तेल त्यानं जाऊ द्यायचंच असतं, नाहीतर गाईड सुकी घासून झिजेल. म्हणून सीलला बूच म्हणू नये.

आणि रिंगा? त्या खाली, पिस्टनच्या कमरेला. वरच्या दोन प्रामुख्यानं गॅस अडवतात, तिसरी तेलाची. फरशी पुसायच्या रबरी वायपरसारखी ती सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल निपटून खाली ढकलते.

म्हणजे तेलाला जळायला जायच्या वाटा मुख्यतः तीन. खालून, रिंगांच्या बाजूनं. वरून, इनलेटच्या गाईडमधून. आणि वरूनच, पण एक्झॉस्टच्या गाईडमधून. एक चौथी चोरवाट आहे, ब्रीदरच्या नळीची. तिच्याकडे येतोच, कारण ती तपासायला सगळ्यात स्वस्त आणि नेमकी तीच कुणी तपासत नाही.

घाट उतरताना काय होतं ते पाहा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, गाडी गिअरमध्ये, चाकंच इंजिनाला फिरवताहेत. कार्ब्युरेटरची झडप जवळपास बंद. तिन्ही पिस्टन हवा ओढू पाहतात आणि हवा येत नाही. रसवंतीवर ग्लास संपल्यावरही स्ट्रॉ ओढत राहिलं की गालफडं आत जातात, तसं. इनलेटच्या पोकळीत जबरदस्त ओढ तयार होते. ही ओढ जिथून जे मिळेल ते खेचते, आणि तिला सगळ्यात जवळची फट म्हणजे इनलेट व्हॉल्व्हची दांडी. सील वाळलेला असेल तर वरचं तेल दांडीवरून सुरसुर खाली येतं आणि पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, त्याच्या पाठीवर साचतं. घाट संपतो, तुम्ही पाय दाबता, हवेचा झोत येतो, साचलेलं सगळं तेल एकदम सिलिंडरमध्ये जातं. ढग. मग साठा संपला की धूरही संपला.

चढताना उलट. झडप सताड उघडी, इनलेटमध्ये ओढ नावालाच. पण सिलिंडरमध्ये स्फोटाचा दाब जोरदार, इंजिनावर भार पूर्ण. रिंगा गेलेल्या असतील तर त्या इथं उघड्या पडतात आणि निळी रेघ घाटभर मागं राहते. दाजींना एक ठिपका दिसला नाही, याचा अर्थ रिंगांवरचा संशय बराच हलका झाला.

बराच म्हणतोय, पूर्ण नाही. तेलाची तिसरी रिंग काजळीनं जाम झाली असेल तर तीसुद्धा उतारावरच्या ओढीला बळी पडू शकते आणि धुराची वेळ सीलसारखीच दिसू शकते. त्यामुळे एका घाटावरून निकाल देऊ नका.

घाट नसेल तरी चालतं. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना घरातल्या कुणाला तरी मागं उभं करा. रात्रभरात दांडीवरून उतरलेलं तेल पहिल्या काही सेकंदांत भपकन निळं निघतं आणि मिनिटाभरात थांबतं, हे सीलचं लक्षण. गळती एक्झॉस्टच्या बाजूनं असेल तर भपका जरा उशिरा येतो, कारण पोर्ट आणि मॅनिफोल्ड तापल्याशिवाय तिथलं तेल जळत नाही. तिसरी वेळ म्हणजे सिग्नल. भंवरकुआँच्या सिग्नलला दोन-तीन मिनिटं गाडी नुसती फुरफुरत ठेवली की तीच ओढ, तेच साचणं, आणि हिरवा लागल्यावर मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर ढग. (त्याच्या शिव्या हेही एक निदानाचं साधन आहे.)

धूर नक्की निळा आहे ना, एवढं आधी ठरवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी निघते ती पांढरी वाफ, सायलेन्सर तापला की जाते. तीच वाफ दाट, गोडसर वासाची आणि न थांबणारी असेल, शिवाय रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा, तो वेगळाच आजार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकला असेल नाहीतर एअर फिल्टर तुंबला असेल. निळ्याला करपलेल्या तेलाचा वास असतो, कपड्यांना चिकटतो. आणि बॉनेटमधून येणारा धूर मोजू नका; टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून तेल गळून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं की तसा धूर होतो आणि माणसं उगाच इंजिन खोलून बसतात.

आता ती चोरवाट. इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर पडावा म्हणून एक ब्रीदरची नळी एअर क्लीनरकडे किंवा इनलेटकडे नेलेली असते. काही गाड्यांत मध्ये या गॅसची वाट सांभाळणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. ही वाट तुंबली की पोटात दाब वाढतो आणि तेल नको तिथून बाहेर ढकललं जातं. हा पीसीव्ही उघडा अडकला तर तेलाचा फवारा थेट इनलेटमध्ये जातो. एअर क्लीनरचं झाकण उघडून आत तेलाचं थारोळं आहे का ते बघा, नळी काढून पेट्रोलनं धुवा. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या वर भरलेलं नाही ना तेही पाहा; सर्व्हिसिंगच्या पोरांना तेल ओतताना हात आवरत नाही.

माझ्या गाडीत ब्रीदर ठीक निघाला. मग दुसऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो, ट्रान्सपोर्ट नगरच्या बाजूला. त्यांना घाटाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "चढाई पे नहीं दिया? तो रुको ज़रा," आणि त्यांनी आधी मॅनिफोल्डला हातच लावला नाही, तिन्ही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले.

इथं मला त्या तेलकट व्हॉल्व्हचं कोडं सुटलं.

पहिल्या सिलिंडरचा प्लग फिकट तपकिरी, कोरडा. उत्तम. तिसऱ्याचा काळा, ओलसर, आट्यांपर्यंत तेल, आणि टोकाच्या एका बाजूला काजळीचा खडा. दुसऱ्याचा मात्र पहिल्यासारखाच तपकिरी आणि कोरडा. मग मॅनिफोल्ड उतरवला. एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये पहिला व्हॉल्व्ह कोरडा, राखाडी. दुसरा आणि तिसरा दोन्ही तेलकट. पहिल्या गॅरेजात दाखवलेले तेच दोघे.

एकसारखे दिसणारे दोन व्हॉल्व्ह, पण गोष्टी दोन निघाल्या. तिसऱ्यात प्लगही तेलकट, व्हॉल्व्हही तेलकट. म्हणजे तेल सिलिंडरच्या आतून फिरून आलं: इनलेटच्या दांडीवरून उतरलं किंवा रिंगेवरून चढलं, अर्धवट जळलं, प्लग माखला आणि उरलेलं एक्झॉस्टनं बाहेर ढकललं. दुसऱ्यात प्लग कोरडा. तेल जर सिलिंडरमधून आलं असतं तर प्लगला चुकवून कसं गेलं असतं? ते सिलिंडरमध्ये शिरलंच नव्हतं. एक्झॉस्टच्या गाईडमधून थेट पोर्टमध्ये उतरत होतं, तिथंच शिजत होतं. दुसऱ्याच्या बाबतीत रिंगेचा काही संबंधच नव्हता, आणि पहिल्या मेकॅनिकनं बोट ठेवलं होतं ते नेमकं दुसऱ्यावर.

कोणी विचारेल, एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये तर दाब असतो, ओढ नसते, मग तेल खाली येईलच कसं? बरोबर आहे, म्हणूनच एक्झॉस्टच्या बाजूची गळती इनलेटपेक्षा सहसा कमी असते आणि अनेक जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सील द्यायचेच नाहीत. पण तिथला दाब सलग नसतो, धक्क्याधक्क्यानं येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये क्षणभर ओढही तयार होते. शिवाय इंजिन बंद झाल्यावर तेल आपल्या वजनानं उतरतंच की. गाईड झिजलेली असेल तर तेवढं पुरतं.

पोर्टमधला तो काळा थर बोटानं चोळून बघायचा, इंजिन पूर्ण गार असताना. सुकी पूड बोटाला लागून फुंकरीनं उडाली तर ती काजळी, पेट्रोल जास्त जाण्याची. ओल आहे पण पेट्रोलचा वास येतो आणि बोटावरून मिनिटात उडून जाते, तर तो सिलिंडर नीट पेटतच नाहीये. प्लग, वायर, कॉइल बघा. चमकदार, चिकट, पुसल्यावरही बोटांच्या रेषांत बसणारं असेल तरच तेल. तेल जुनं असेल तर ते डांबरासारखं घट्ट होतं, विशेषतः इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर, आणि तिथं तो डांबरी गोळा दिसला की इनलेटच्या सीलबद्दल फारशी शंका उरत नाही.

तिसऱ्या सिलिंडरचा निकाल बाकी होता: वरून की खालून? त्यासाठी कॉम्प्रेशन गेज, पिस्टन हवा किती दाबतो ते मोजणारं.

ही चाचणी सगळे करतात आणि अर्धे चुकीची करतात. इंजिन तापलेलं हवं. तिन्ही प्लग बाहेर. कॉइलची वायर काढलेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, नाहीतर हवाच आत जात नाही आणि आकडा खोटा येतो. बॅटरी भरलेली. मग पाच-सहा फेऱ्या सेल्फ मारायचा. चांगल्या पेट्रोल इंजिनाचा आकडा साधारण १५० ते १८० पीएसआय. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे आकडा पाच-सहा टक्के कमी येणारच. आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा; दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर काहीतरी बिघडलंय. माझे आले १५५, १५०, १५०. मग तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजलं. रिंगा सैल असतील तर हे तेल फट बुजवतं आणि आकडा टणकन वर जातो. आला १५५. म्हणजे वरच्या दोन रिंगा ठणठणीत.

इथं एक बारकावा आहे आणि त्यावर मी जरा अडून बसणार आहे. व्हॉल्व्ह सील पूर्ण फाटला तरी कॉम्प्रेशनवर त्याचा शून्य परिणाम होतो. कॉम्प्रेशन धरायचं काम व्हॉल्व्हच्या डोक्याचं आणि त्याच्या सीटचं, म्हणजे डोकं जिथं टेकतं त्या कड्याचं. सील तर वर, दांडीला. तेव्हा "कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे व्हॉल्व्ह सीलही चांगले" हे वाक्य कुणी म्हटलं तर समजा की त्याला सील कुठं असतो ते ठाऊक नाही. तसंच "कॉम्प्रेशन चांगलं, म्हणजे रिंगा चांगल्या" हेही अर्धसत्य. तेलाची तिसरी रिंग गॅस अडवत नाही, त्यामुळे ती जाम झाली असली तरी गेजला पत्ता लागत नाही. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे होतं.

मग त्या तिसऱ्या रिंगेला पकडायचं कसं? थोडं डोळ्यांनी. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघायचा. हल्ली मोबाइलला लावायचे असे कॅमेरे स्वस्तात मिळतात. तेल खालून, रिंगांवरून येत असेल तर पिस्टनच्या कडेकडेची काजळी धुतली जाते आणि कडेनं स्वच्छ धातूची चंद्रकोर दिसते. वरून येत असेल तर कडा काळ्याच राहतात आणि इनलेटच्या खालच्या जागी जाड पापुद्रा बसतो. माझ्या तिसऱ्या पिस्टनच्या कडा काळ्या होत्या. शिवाय चालू इंजिनावर तेल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं नुसतं ठेवून पाहिलं. थोडं थरथरलं, पण जागेवर राहिलं. रिंगा गेलेल्या इंजिनात ते नाचून खाली पडतं आणि भोकातून भकाभक धूर येतो. (कॅमशाफ्ट वर असलेल्या इंजिनात तेलाचे शिंतोडे उडतात, शर्ट जुना घाला. आणि हे सगळं बंद गॅरेजात करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

गाईडचं काय? सील गेला की गाईड गेली असं नाही. व्हॅक्यूम गेज (इनलेटमधली ओढ मोजणारं) असेल तर इनलेटच्या गाईडची नाडी कळते. इंजिन फुरफुरत असताना समुद्रसपाटीला काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर असतो. दर तीनशे मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा, म्हणजे इंदुरात १५ ते १९ आलं तरी घाबरायचं कारण नाही; मुंबईतल्या आकड्याशी तुलना करून कुणी दोन इंचांसाठी बिल फाडत असेल तर हे त्याला सांगा. काटा फुरफुरताना भराभर थरथरतो आणि वेग वाढवला की स्थिर होतो, तर गाईड झिजलेली असण्याची शक्यता. एक्झॉस्टच्या गाईडबद्दल मात्र हा काटा फारसं बोलत नाही. ती हातानंच हलवून बघावी लागते.

मुळात सील का गेले? बाबांची गाडी चालली कमी आणि उभी राहिली जास्त. रिंगांची झीज मुख्यतः किलोमीटरवर असते, सीलचं रबर मात्र उष्णतेनं आणि वर्षांनी वाळतं, गाडी चालो न चालो. जुन्या गाड्यांत सील बहुधा साध्या नायट्राइल रबराचे. ते साधारण १२० अंशांच्या पुढं कडक होत जातात. व्हायटॉनचे सील दोनशेच्या आसपास टिकतात आणि महाग म्हणावेत असेही नसतात. सहाच्या सहा व्हायटॉनचे घेतले. पैसे गेले ते चौघांच्या पोहे-जलेबीच्या न्याहारीच्या मापाचे. खर्च मजुरीचा असतो.

उस्तादांनी हेड न काढता काम केलं, आणि ती युक्ती पाहण्यासारखी होती. अडचण अशी की व्हॉल्व्हची स्प्रिंग सोडवली की त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, तो थेट सिलिंडरमध्ये पडतो. मग हेड काढण्यावाचून गत्यंतर नाही. काही जण प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर दाबून धरतात. यांनी पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची मऊ दोरी आत सोडली, हातभर असेल, टोक बाहेर ठेवून. मग पान्यानं क्रँक हळूहळू फिरवला. पिस्टन वर आला, दोरीचं वेटोळं दाबलं गेलं आणि त्या गादीनं दोन्ही व्हॉल्व्ह खालून घट्ट धरले. रॉकर आधीच सोडवलेले होते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून दाबली, दोन चिमुकले लॉक चुंबकानं उचलले, स्प्रिंग बाहेर, आणि खाली ती टोपी.

तिसऱ्याच्या इनलेटचा सील पकडीत धरताच कडकन मोडला. रबर म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. कपाटातलं जुनं रबरबँड ताणायला जावं आणि त्याचे तुकडे हातात यावेत, तसं. नव्या सीलचा ओठ नखानं दाबला की लगेच परत येतो. जुन्यावर नखाची खूणसुद्धा उमटेना. ओठाभोवतीची स्प्रिंग जागेवर होती, पण दगडाला आवळून काय उपयोग! दांडीला तेल लावून, टोकावर प्लास्टिकची बारीक टोपी चढवून नवा सील बसवला. ही टोपी विसरले तर लॉकच्या खाचेनं नव्या सीलचा ओठ पहिल्याच दिवशी फाटतो.

दुसऱ्याच्या एक्झॉस्टचा सील मात्र तितका वाईट नव्हता. तो काढल्यावर उस्तादांनी दांडीचं टोक दोन बोटांत धरलं आणि आडवं हलवलं. "पकड़ के देखो." मी धरलं. इकडून तिकडे टक्-टक्, बोटाला स्पष्ट जाणवणारी ढिलाई. पहिल्याची दांडी हलवली तर तशी ढिलाई नव्हतीच. इथं गुन्हेगार गाईड होती. दांडी डोलते, डोलून सीलच्या ओठाला एका बाजूनं खाते आणि दुसऱ्या बाजूनं तेलाला वाट देते. नवा सील घातला तरी तो काही महिन्यांत तसाच होणार. पक्कं काम म्हणजे हेड उतरवून लेथवर न्यायचं, जुनी गाईड प्रेसनं काढायची, नवी बसवून रीमर फिरवायचा, सीट पुन्हा कापायची, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायचे आणि हेड उलटं करून रॉकेल ओतून पोर्टमध्ये पाझर येतो का ते बघायचं. उस्तादांनी हे सगळं सांगितलं आणि स्वतःच म्हणाले, अजून एवढी घाई नाही.

मी त्यांचं ऐकलं. सहाही सील नवे, दुसऱ्याची गाईड जुनीच.

तेल मोजायची माझी पद्धत सोपी आहे: गाडी रात्रभर उभी, सपाट फरशीवर, सकाळी चालू करायच्या आधी वरच्या खुणेपर्यंत भरायचं, मीटर लिहायचा, आणि मग दर पाचशे किलोमीटरला त्याच जागी उभी करून किती घालावं लागलं ते औषधाच्या मापानं मोजायचं. डोळ्यांनी "थोडं कमी झालंय" म्हणण्यात अर्थ नाही. सील बदलायच्या आधी हजार किलोमीटरला सातशे मिलिलिटर जात होतं. बदलल्यानंतरच्या पहिल्या हजारात दीडशे गेलं. सिग्नलवरचा ढग बंद झाला, तिसऱ्याचा प्लग परवा काढून पाहिला तर तपकिरी व्हायला लागलाय. सकाळी मात्र चालू केल्यावर मिनिटभरानं अजूनही एक बारीक निळी रेघ निघते आणि जाते. ती दुसऱ्याची. पावसाळा संपला की हेड उतरवायचं ठरलंय. तोवर वहीत तिच्यासाठी वेगळं पान केलंय.